रोबोची मापं सीएमएमशी जुळत नाहीत तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कारच्या दाराचा आतला पॅनेल बनतो. पत्रा ०.८ मिमी, लांबी साधारण ११०० मिमी. सहा अक्षांचा रोबो मनगटावर लेझर लाइन स्कॅनर घेऊन तो मोजतो. तोच पॅनेल सीएमएमवर (कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन, म्हणजे स्पर्श करून बिंदू मोजणारं यंत्र) नेला की आकडे वेगळे येतात. वायमध्ये (गाडीच्या रुंदीच्या दिशेत) जवळजवळ सगळीकडे ०.८ मिमीचा फरक, कुलपाच्या टोकाला झेडमध्ये (उभ्या दिशेत) ०.४ च्या आसपास, आणि दुपारपर्यंत सगळंच थोडं सरकतं. सॉफ्टवेअरमध्ये बेस्ट फिट दाबलं की मात्र सगळा नकाशा हिरवा होतो. मग बेस्ट फिटच कायम ठेवावं का?

नाही. बेस्ट फिट पॅनेलला अशा जागी सरकवतो, जिथे सगळ्या बिंदूंवरच्या चुका मिळून कमीत कमी दिसतात. गाडी तयार होताना पॅनेल तसा बसत नाही. तो वेल्डिंग फिक्स्चरमध्ये (पॅनेल धरून ठेवणाऱ्या चौकटीत) दोन पिनांवर आणि तीन-चार रेस्टपॅडवर टेकतो आणि तिथून त्याची जागा ठरते. मोजतानाही तो त्याच टेकूंवर धरून पाहिला पाहिजे. हिरव्या नकाशातून एवढंच कळतं, की चूक अकराशे मिलिमीटरवर पातळ पसरली गेली. पॅनेलचा नुसता आकार पाहायला, डायची दुरुस्ती ठरवायला बेस्ट फिट फार उपयोगी आहे. पास-फेलचा रिपोर्ट त्यावर काढू नका.

तुमच्या वर्णनात तीन वेगळे आजार एकत्र आहेत, आणि बेस्ट फिटने तिघांवर एकच पांघरूण घातलंय. ते ओळखायचे तर चूक किती आहे याच्या आधी ती कशी पसरली आहे ते पाहा. सगळीकडे सारखीच असेल तर कारण एक. एका टोकाकडे वाढत जात असेल तर दुसरं. घड्याळाबरोबर सरकत असेल तर तिसरं. मनगट वळवून तोच बिंदू मोजल्यावर बदलत असेल किंवा स्कॅनची दिशा उलटल्यावर बदलत असेल, तर आणखी वेगळं.

त्यासाठी आधी साखळी कागदावर काढा. स्कॅनरला दिसलेला बिंदू स्कॅनरच्या स्वतःच्या अक्षांत असतो. तिथून रोबोच्या फ्लॅंजवर (मनगटाच्या ज्या चकतीवर स्कॅनर बसतो तिच्यावर), फ्लॅंजवरून रोबोच्या बेसवर, बेसवरून सेलच्या (रोबोच्या कामाच्या जागेच्या) म्हणजे फिक्स्चरच्या अक्षांत आणि तिथून गाडीच्या अक्षांत, अशा चार उड्या. प्रत्येक उडीत एक फिरवणं आणि एक सरकवणं, म्हणजे सहा आकडे. फ्लॅंज ते बेस ही उडी कंट्रोलर प्रत्येक पोजला (हाताच्या ठेवणीला) स्वतः देतो. बाकीच्या तीन तुम्ही ठरवायच्या, तीन वेगळ्या फायलींत ठेवायच्या आणि प्रत्येकीवर तारीख घालायची. बहुतेक सेलमध्ये या तिन्ही एकाच 'अलाइनमेंट'मध्ये कोंबलेल्या असतात, आणि मग कुठली कडी ढिली झाली ते कळायला मार्ग राहत नाही.

आता वायमधले ०.८. पत्र्याची जाडीही तेवढीच, आणि असा योग जुळला की पहिला संशय तिथेच घ्यायचा. पत्र्याच्या पार्टचा कॅड डेटा पुष्कळदा एकाच बाजूच्या पृष्ठभागाचा असतो. सीएमएमच्या प्रोग्रॅममध्ये जाडीची भरपाई घातलेली असते, रोबोच्या प्रोग्रॅममध्ये राहून जाते. खात्री करायला रेस्टपॅडच्या अगदी शेजारचा बिंदू घ्या. पॅडचा माथा वायमध्ये नेमका कुठे आहे हे फिक्स्चरच्या सर्टिफिकेटवर असतं. पॅनेल पॅडला टेकलेला असताना वरून पाहणाऱ्या स्कॅनरला पॅडच्या माथ्यापासून पत्र्याच्या जाडीइतकं पुढे दिसलं, तर स्कॅनर बरोबर आहे आणि नॉमिनल (कॅडमधलं अपेक्षित माप) चुकीच्या बाजूचं आहे. प्रोग्रॅममध्ये जाडी घाला. खोल ओढलेल्या कोपऱ्यांत पत्रा ताणून पातळ होतो. तिथे दहा टक्के पातळ झाला तरी सरसकट ०.८ घातल्याने ०.०८ ची खोटी चूक दिसते. टॉलरन्स कडक असलेल्या जागी मायक्रोमीटरने जाडी बघून घ्या.

झेडमधली चूक कुलपाच्या टोकाकडे वाढत जाते आणि बिजागरीच्या बाजूला नसते, म्हणजे पॅनेल गोल भोकाभोवती किंचित फिरलेला आहे. इथे थोडं थांबून पाहायला हवं, कारण दाराच्या मोजमापात सगळ्यात जास्त घोळ याच जागी होतो.

दाराचा पॅनेल एक्स-झेड पातळीत (एक्स म्हणजे गाडीच्या लांबीची दिशा) उभा असतो, म्हणून त्याचे टेकू असे लागतात: वायमध्ये तीन पॅड, झेडमध्ये दोन, एक्समध्ये एक. मोकळ्या वस्तूला सहा हालचाली असतात, आणि हे सहा टेकू त्या सहाही बांधतात. तीन पॅड वायची सरक आणि दोन झुकाव बांधतात. गोल भोकातली फोर-वे पिन एक्स आणि झेड बांधते. लांबट स्लॉटमधली टू-वे पिन फक्त झेड, म्हणजे शेवटचं फिरणं. स्लॉटकडून एक्सची काहीही माहिती घ्यायची नाही. प्रोग्रॅम करताना स्लॉटचा मध्य एक्स आणि झेड दोन्हींत अलाइनमेंटला दिला की सॉफ्टवेअर भोक आणि स्लॉट यांच्यातल्या अंतराची चूक दोघांत वाटून टाकतं आणि गोल भोक शून्यावरून हलतं. रिपोर्टमध्ये गोल भोकाची एक्स, झेड चूक ०.००० नसेल तर हेच झालंय असं समजा.

समजा भोक आणि स्लॉट यांत ४०० मिमी अंतर आहे आणि स्लॉट झेडमध्ये ०.१५ ने चुकीचा वाचला गेला. भोकापासून १००० मिमीवर असलेल्या कुलपाच्या टोकाला ती चूक अडीच पटीने, म्हणजे ०.३७ ने दिसणार. तुमचे ०.४ बहुधा तिथूनच आले आहेत. लॅच बसवण्याचा भाग निर्दोष असूनही फेल होतो, आणि डायवाला भलतीच जागा घासायला घेतो.

स्लॉट ०.१५ ने चुकीचा कसा वाचला जातो? भोकाची कड जवळून पाहा. पंच ज्या बाजूने शिरतो तिथे कड आत वळलेली असते, त्याखाली चकचकीत पट्टा, त्याखाली तुटल्यासारखा खडबडीत भाग, जो डायच्या बाजूला थोडा रुंद होत जातो. पंच एका बाजूला सरकलेला असला की हे पट्टे भोकाच्या दोन्ही बाजूंना सारखे राहत नाहीत, आणि वरच्या कडेचा मध्य व खालच्या कडेचा मध्य वेगळे पडतात. स्कॅनरला फक्त वरची वळलेली कड दिसते. सीएमएमची रूबी, म्हणजे काडीच्या टोकावरची गोळी, भिंतीला लागते. ३ मिमीची रूबी ०.८ च्या पत्र्यात मध्यावर लागायला हवी. तिची कंबर खालच्या कडेच्या ०.६ खाली गेली, तर कड तिला कंबरेच्या वर लागते आणि भिंत ०.१२ मिमी दूर असल्यासारखी वाटते. सगळीकडे सारखंच झालं तर भोक फक्त मोठं दिसतं. पत्रा तिरका असला तर मध्यच सरकतो. म्हणून दोन्ही यंत्रांवर नियम एकच ठेवा: आधी भोकाभोवती, कडेपासून ३ मिमी बाहेर, चार बिंदूंनी तिथली पातळी मोजायची, खोली त्या पातळीपासून ठरवायची, कडेचे बिंदू त्या पातळीवर प्रक्षेपित करून मगच वर्तुळ बसवायचं.

पॅनेल पिनेवर बसलेला असताना ते भोक झाकलेलंच असतं. मग लोक पिनेच्या मध्यालाच भोकाचा मध्य धरतात. भोक १२.१ आणि पिन ११.९ असेल तर ०.२ चा खेळ सरळ मापात उतरतो, आणि पॅनेल पुन्हा चढवला की आकडे उडी मारतात. त्यावर उपाय दोनच: शंकूच्या किंवा फुगणाऱ्या पिना वापरा, नाहीतर क्लॅम्प लागल्यावर पिना मागे ओढून मोकळी भोकं स्कॅन करा. दुसरा मार्ग मला जास्त पटतो, कारण त्यात पिनेची झीज मापात येत नाही.

अलाइनमेंट एका फेरीत पूर्ण होत नाही, हेही लक्षात ठेवा. पहिल्या फेरीत पॅनेल दोन मिलिमीटर बाजूला असेल तर वक्र भागावर पॅडचा बिंदूही दोन मिलिमीटर बाजूलाच घेतला जातो. अलाइन करा, त्याच नॉमिनल जागी पुन्हा बिंदू घ्या, पुन्हा अलाइन करा. दोन फेऱ्यांमधला बदल ०.०१ मिमीच्या आत आला की थांबा. तीन-चार फेऱ्या पुरतात. दहा फेऱ्यांनंतरही आकडा झुलत राहिला तर टेकूंच्या जागा वाईट निवडल्या आहेत किंवा चौथा पॅड पत्र्याला वाकवतोय. चौथा पॅड पत्रा लवू नये म्हणून ठेवायला हरकत नाही, पण पहिले तीन टेकल्यावर शिम घालून त्याला फक्त स्पर्शापर्यंत आणा. ०.०५ चा फीलर चारही पॅडखाली जाता कामा नये. आणि क्लॅम्प मारायचा क्रम लिहून फिक्स्चरवरच चिकटवा: आधी पिना, मग पिनांजवळचे क्लॅम्प, लांबचे शेवटी.

आता स्कॅनर ते फ्लॅंज ही उडी. ही कडी ढिली असल्याची खूण अशी: तोच बिंदू मनगट ९० अंश वळवून मोजला की आकडा बदलतो. सेलमध्ये घट्ट बसवलेला एक गोळा घ्या. ३८.१ मिमी व्यासाचा, म्हणजे दीड इंचाचा, सोयीचा पडतो, कारण लेझर ट्रॅकरचा (लेझरने दुरून जागा मोजणाऱ्या यंत्राचा) परावर्तक गोळाही त्याच मापाचा मिळतो आणि दोन्ही एकाच चुंबकी बैठकीत बसतात. स्कॅनरसाठी गोळा मॅट हवा; चकचकीत पोलादी गोळ्यावर लेझरची रेष फुटते. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात साधा पोलादी गोळा लवकर गंजतो. सिरॅमिकचा घ्या.

काम दोन टप्प्यांत करा. आधी मनगट अजिबात न फिरवता रोबो नुसता सरकवा, एक्स, वाय, झेड तिन्हींत, जेणेकरून गोळा स्कॅनरच्या दृष्टिक्षेत्रात जवळ, लांब, डावीकडे, उजवीकडे दिसेल. रोबो किती सरकला हे कंट्रोलर सांगतो, गोळा किती सरकलेला दिसला हे स्कॅनर सांगतो. दोन्हींची तुलना केली की स्कॅनर फ्लॅंजवर किती फिरलेला आहे ते मिळतं. मग गोळा समोर ठेवून मनगट फिरवा, किमान दोन वेगळ्या अक्षांभोवती, प्रत्येकी ६० अंशांहून जास्त. त्यातून सरक मिळते. एकाच अक्षाभोवती फिरवलं तर त्या अक्षाच्या दिशेची सरक ठरतच नाही, आणि सॉफ्टवेअर तरीही काहीतरी आकडा देतं. १५ ते २० पोज पुरेत.

लाइन स्कॅनरची एक खोच इथे सांभाळायला हवी. एका रेषेत त्याला गोळ्याचा एकच काप दिसतो. कापाची त्रिज्या आणि गोळ्याची त्रिज्या यांवरून मध्य किती दूर आहे ते काढतात. काप बरोबर मधोमध घेतला तर ते काढणं फार नाजूक होतं. गोळ्याची त्रिज्या १९.०५. कापाची १९.०० आली तर मध्य १.३८ मिमी दूर, १८.९५ आली तर १.९५. म्हणजे त्रिज्येतल्या ०.०५ च्या चुकीला मध्य ०.५७ ने सरकला. तोच काप मध्यापासून १० मिमी बाजूला घेतला तर तेवढ्याच चुकीला मध्य जेमतेम ०.०८ ने सरकतो. तेव्हा काप मुद्दाम बाजूला घ्या, आणि मध्य कापाच्या अलीकडे आहे की पलीकडे हे प्रोग्रॅममध्ये आधीच ठरवून ठेवा, कारण गणित दोन्ही उत्तरं देतं.

स्कॅन चालत्या हातात होत असेल तर वेळेचा मेळही तपासा. रोबो सेकंदाला १०० मिमीने जातोय आणि त्याची जागा स्कॅनरला ५ मिलिसेकंद उशिरा पोचते, तर प्रत्येक बिंदू ०.५ मिमी सरकतो. एकच कड जाताना आणि येताना स्कॅन करा. दोन कडांमध्ये १.० चं अंतर दिसलं की चूक वेळेची आहे, अक्षांची नाही, आणि कितीही वेळा हँड-आय कॅलिब्रेशन (वर सांगितलेली स्कॅनर ते फ्लॅंजची जुळणी) केलं तरी ती जाणार नाही.

बेस ते सेल या उडीसाठी फिक्स्चरच्या पायाप्लेटवर गोळ्यांच्या सहा ते आठ बैठका लावा. सगळ्या एका पातळीत नकोत. काही खाली, काही पॅनेलच्या माथ्याएवढ्या उंचीवर, मधलं क्षेत्र घेरून. लेझर ट्रॅकरने त्यांचे मध्य सेलच्या अक्षांत मोजून घ्या, मग तेच गोळे रोबोने मोजा. दोन्ही संचांतले बिंदू जोडीने जुळवून फिरवणं आणि सरकवणं काढण्याची रीत जुनी आणि पक्की आहे. काब्शने १९७६ मध्ये आणि हॉर्नने १९८७ मध्ये ती मांडली. फिरवण्याच्या मॅट्रिक्सचा निर्धारक अधिक १ आहे ना, ते पाहा. उणे १ आला तर गणिताने तुमचा सेल आरशात उलटा केलाय. डाव्या दाराचं नॉमिनल उजव्यावरून वायचं चिन्ह बदलून काढतात तेव्हा ही चूक हमखास शिरते.

गोळ्यांवरचा उरलेला फरक छोटा आला म्हणून खूश होऊ नका. प्रत्येक गोळा ०.१० ने चुकीचा मोजला असेल आणि गोळे तीनच असतील, तर उरलेला फरक सरासरीने ०.०५८ च दिसतो. सहा असतील तर ०.०८२. कमी गोळे घेतले की रिपोर्ट चांगला दिसतो आणि काम वाईट होतं. शिवाय गोळ्यांनी घेरलेल्या क्षेत्राबाहेर चूक वाढत जाते. म्हणून आठांतले दोन गोळे गणितात घेऊच नका. सहांवर जुळवा आणि त्या दोघांवर तपासा. अलाइनमेंट जुळली की नाही हे त्या दोन गोळ्यांवरूनच ठरवा.

तरीही रोबो हा रोबोच. पुन्हा त्याच जागी तो ०.०५ च्या आसपास येतो, पण कंट्रोलर सांगतो त्या जागी तो खरोखर आहे का, यात कॅलिब्रेट न केलेला रोबो अर्धा ते एक मिलिमीटरही चुकतो. हात लांब केला की चूक एक, दुमडला की दुसरी. म्हणून गोळे मोजताना हाताची ठेवण पॅनेल मोजतानासारखीच ठेवा. सीएमएमवर मोजलेला मास्टर पॅनेल रोबोने मोजून प्रत्येक बिंदूला दुरुस्तीचा आकडा द्यायची पद्धत सर्रास आहे. उत्पादन सरकतंय का हे पाहायला ती चालते. पण ती दुरुस्ती त्याच रोबोची, त्याच पोजची आणि त्याच तापमानाची असते. मोटर किंवा गिअरबॉक्स बदलला की पुन्हा सगळं करावं लागतं. खरीखुरी निरपेक्ष मापं हवी असतील तर स्कॅनरलाच बाहेरून कॅमेऱ्याने किंवा ट्रॅकरने पाहायची व्यवस्था घ्या. तिथे रोबो फक्त हमालाचं काम करतो आणि त्याची चूक मापात येत नाही.

कोनांबद्दल एक इशारा, कारण रोबो बनवणारी प्रत्येक कंपनी ते वेगळ्या रीतीने लिहिते. कुकाचे ए, बी, सी आणि फानुकचे डब्ल्यू, पी, आर हे आकडे एकच फिरवणं सांगतात, पण उलट्या क्रमाने: कुकाचा ए म्हणजे फानुकचा आर. स्टॉबलीचे कोन एक्स, वाय, झेड या क्रमाने फिरत्या अक्षांभोवती असतात. एबीबी कोनांऐवजी चार आकड्यांचं क्वाटर्निअन देतो, ज्यात अदिश आकडा पहिला असतो. पुष्कळ सॉफ्टवेअर तो शेवटी मागतात. कोन लहान असताना क्रम चुकला तरी लक्षात येत नाही: दोन्ही कोन २ अंशांचे असले तर चूक फक्त ०.०७ अंशाची होते. पण १ मीटरवर तेवढ्यानेच १.२ मिमीचा फरक पडतो. तपासताना मुद्दाम ३०, ४०, ५० अंशांचे कोन द्या. चूक असेल तर लगेच ओरडून सांगेल.

गाडीच्या अक्षांबद्दलही तेच. बऱ्याच युरोपीय कंपन्यांत शून्य पुढच्या अॅक्सलच्या मध्यावर असतं, एक्स मागे, वाय चालकाच्या उजवीकडे, झेड वर. काही कंपन्या सगळे एक्स धन यावेत म्हणून शून्य गाडीच्या पुढे ठेवतात. ड्रॉइंग बघून खात्री करा. मागच्या दाराचा पॅनेल शून्यापासून अडीच मीटरपर्यंत जाऊ शकतो. फिरवण्याचं मॅट्रिक्स चार दशांश स्थळांपर्यंत गोल करून दुसऱ्या सॉफ्टवेअरला दिलं, तर तेवढ्यानेच ०.१२ मिमीची चूक होते. आठ स्थळं ठेवा.

आता दुपारी सरकणारे आकडे. आयएसओ १ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मापाचं संदर्भ तापमान २० अंश. मे महिन्यात शेडमध्ये ३३ अंश असतं. पोलाद मीटरला दर अंशामागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, म्हणजे तुमचा ११०० मिमीचा पॅनेल २० अंशांच्या मानाने ०.१६ ने लांब. सीएमएमच्या खोलीत ही वाढ नाही. फिक्स्चरची प्लेट अॅल्युमिनियमची असेल तर ती दुप्पट वाढते: ४०० मिमीवर असलेल्या दोन पिनांमधलं अंतर पॅनेलच्या मानाने ०.०६ ने जास्त वाढेल आणि पिन स्लॉटमध्ये चालेल, पण दोन्ही गोल भोकं असतील तर अडकेल. पॅनेलवर आणि प्लेटवर एकेक तापमापी चिकटवा आणि ज्ञात गुणांकाने दुरुस्ती करा, वाढ गोल भोकापासून मोजून. बेस्ट फिटला 'स्केल' मोकळं सोडून ही दुरुस्ती त्याच्यावर सोपवू नका. तो पॅनेलची खरी चूकही तापमानाच्या नावावर खपवील.

पण सकाळ-दुपारच्या पाच अंशांनी पॅनेल जेमतेम ०.०६ वाढतो. बाकीची सरक रोबोच्या हाताची आहे. मोटरी तापतात, हात लांबतो. दोन मीटरचा अॅल्युमिनियमचा हात १० अंशांनी तापला तर ०.४६. म्हणून पाळी सुरू होताना पॅनेलवरचाच मार्ग रोबोला अर्धा तास रिकामा फिरवा, आणि प्रत्येक पॅनेलआधी दोन गोळे मोजून सेलच्या उडीतली सरक तेवढ्यापुरती दुरुस्त करा. दोन गोळ्यांच्या मध्यातलं अंतर ०.०५ ने बदललं तर नोंद, ०.१० ने बदललं तर लाइन थांबवा.

पावसाळ्यात पॅनेल २० अंशांच्या सीएमएम खोलीतून थेट शेडमध्ये आणू नका. २८ अंश आणि ८५ टक्के दमटपणा असताना हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या वर असतो. थंड पत्र्याला घाम येतो, लेझरची रेष त्या थरावर विखुरते आणि दुसऱ्या दिवशी भोकांच्या कडा तांबूस दिसतात. बंद पेटीत ठेवून शेडच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा.

सीएमएमशी तुलना करण्याआधी दोन्ही रिपोर्टांत फरक कुठल्या दिशेने लिहिला आहे तेही पाहा. ३० अंश तिरक्या पृष्ठभागावर लंब दिशेने ०.५० चा फरक, त्याचा वाय भाग ०.४३, आणि वायच्या रेषेत मोजलं तर ०.५८. तिन्ही आकडे खरे आहेत, आणि यावरून तासन्‌तास वाद होतात.

तुमच्या सेलवर सगळ्यात आधी एकच चाचणी घ्या. एक पॅनेल न काढता दहा वेळा मोजा. मग तोच काढून पुन्हा चढवून दहा वेळा मोजा, शक्य तर तीन वेगळ्या कामगारांच्या हातांनी. पहिल्या दहांतला पसारा रोबो आणि स्कॅनरचा, दुसऱ्यांत वाढलेला पसारा पिना आणि क्लॅम्पचा. पहिला ०.०८ आणि दुसरा ०.३ आला तर कॅलिब्रेशनला हात लावू नका, पिना बदला.

चतुर्थीच्या सुट्टीनंतर सेल चालू करताना आधी मास्टरिंगच्या (प्रत्येक अक्षाचं शून्य दाखवणाऱ्या) खुणा पाहा. वीज बंद असताना बऱ्याच रोबोंत एन्कोडरची (अक्ष किती फिरला ते मोजणाऱ्या भागाची) जागा बॅटरीवर राहते. बॅटरी जुनी असली आणि कंट्रोलर आठवडाभर बंद राहिला, तर एखाद्या अक्षाचं शून्य जाऊ शकतं. मग कोणी खुणेवर डोळ्याने आणून पुन्हा शून्य घेतलं की ०.१ अंशाची चूक सहज राहते, जी १ मीटरवर १.७ मिमी होते. रोबो नेहमीसारखाच चालतो, वेल्डिंगचं किंवा उचलण्याचं काम असतं तर कळलंही नसतं. आठही गोळे मोजा, न वापरलेले दोन ०.१० च्या आत आले तरच पहिला पॅनेल चढवा.

हीच रीत गोव्यातल्याच सत्तरी तालुक्याकडे बनणाऱ्या बसच्या सांगाड्यालाही लागू पडते, फक्त आकडे मोठे होतात. बारा मीटरचं पोलाद १३ अंशांनी १.८ मिमी वाढतं, आणि एका जागेवरून रोबोचा हात तिथवर पोचत नाही. रोबो रुळावर असेल तर रुळावरच्या प्रत्येक थांब्याला बेस ते सेल ही उडी नवी धरा आणि त्या थांब्यावरून दिसणारे किमान चार गोळे मोजून ती काढा. लगतच्या दोन थांब्यांना त्यातले दोन तरी सामाईक असू द्यात. रुळाच्या एन्कोडरवर विसंबून एकच उडी सगळीकडे वापरली, तर रूळ जिथे किंचित वळलाय तिथे सांगाडा वाकडा दिसेल.